१२० फिल्मवर पिनहोल स्टिरिओ कसे काढावेत

पिनहोल स्टिरिओ म्हणजे भिंगाऐवजी दोन बारीक भोकांतून, एकेका डोळ्यासाठी एकेक, असे काढलेले दोन फोटो; एकत्र पाहिले की खोली दिसते. खोका करणं आणि १२० ची रोल फिल्म भरणं तुम्हाला येतं, असं धरून चालतो. ५० मिमी खोलीचा एकच खोका, मधोमध काळा पडदा, ५६ मिमीच्या दोन चौकटी आणि ६२ मिमी अंतरावर दोन भोकं. पडद्याच्या कडेला फट राहिली तर एका बाजूचं चित्र दुसऱ्यावर सांडतं.

भोकं ०.३ मिमीची, कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्यात. आठ-दहा पाडा, २४०० डीपीआयवर स्कॅन करा (०.३ मिमी म्हणजे साधारण २८ पिक्सेल) आणि सारखी दोन निवडा. व्यासात दहा टक्के फरक पडला की उजेडात वीस टक्के पडतो.

खोक्याच्या मागच्या लाल खिडकीत फिल्मच्या कागदावरचे आकडे दिसतात. त्यातल्या ६×६ च्या ओळीतले विषम आकडेच घ्या: १, ३, ५. रोलमागे सहा जोड्या.

विषय म्हणून बारवेसारखं काही नाही. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची घ्या, वालूरची घ्या; पायऱ्या आपणहून खोलीत उतरत जातात. फक्त सर्वात जवळची पायरी दोन मीटरच्या अलीकडे नको. पिनहोलला फोकस नसतो म्हणून लोक दगडाला नाक लावून फोटो काढतात आणि मग डोळे दुखले म्हणतात. १०० आयएसओच्या फिल्मला कडक उन्हात एक सेकंद उजेड द्या. फिल्म फोमापान १०० असेल तर तो सेकंदही दुप्पट करा, कारण उजेड जास्त वेळ द्यायचा तर ती मंद पडते; सावलीत मोजलेले १० सेकंद तिच्यावर ८० होतात.

रोल धुतला, वाळला. आता खरी मारामारी.

निगेटिव्ह उजेडावर नीट धरली की चित्रं सुलटी दिसतात, पाटीवरची अक्षरंही वाचता येतात. पण डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे असतं. प्रत्येक भोक आपलं चित्र उलटं पाडतं आणि ते सुलटं पाहायला आपण अख्खी पट्टी १८० अंशांत फिरवतो. चित्रं सुलटी होतात, जागा मात्र बदलतात. हीच जोडी स्टिरिओस्कोपमध्ये, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दाखवणाऱ्या यंत्रात, घातली की लांबचं पुढे येतं, जवळचं मागे जातं. त्यात मेंदू सवयीने सांभाळून घेतो. ‘जरा विचित्र वाटतंय’ म्हणत लोक तशीच प्रिंट चिकटवून टाकतात.

‘अख्खी फाईल आडवी फ्लिप कर’ हा सल्ला ऐकूच नका. अक्षरं आरशातल्यासारखी होतात आणि खोली उलटीची उलटीच राहते. दोन्ही चौकटी कापा आणि जागा बदला. दुसरा उपाय नाही.

कापताना मागे खुणा करतातच, पण माझा खुणांवर भरवसा नाही. चित्रालाच विचारा. जवळचा एखादा खांब घ्या. मागच्या भिंतीच्या मानाने तो ज्या चित्रात उजवीकडे सरकलेला दिसेल, ते डाव्या डोळ्याचं. ही परीक्षा प्रत्येक जोडीची घ्या, कंटाळा आला तरी.

चिकटवताना एकच दगड दोन्हीकडे एकाच उंचीवर हवा. अर्धा मिलिमीटर वर-खाली झालं तरी डोकं धरतं. सर्वात लांबचा बिंदू एका प्रिंटमध्ये जिथे आहे तिथून दुसऱ्या प्रिंटमधल्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर ६२ मिमी ठेवा, ६५ च्या पुढे नको. कडा छाटताना सर्वात जवळच्या वस्तूचं डाव्या कडेपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं राखा.

कापण्याआधीच जोडी जमली का ते बघायचं असेल, तर न कापलेली कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली) समोर धरा आणि डोळे तिरळे करा. जागा आधीच उलट्या असल्यामुळे इथे खोली बरोबर दिसते.