पाळी चुकली? टेस्टपासून मळमळीचे दिवस निभावेपर्यंत

माझी स्वतःची दोन बाळंतपणं झाली, शिवाय जावा, नणंदा, भाच्या धरून सात-आठ जणींच्या पहिल्या तीन महिन्यांत मी सोबतीला होते, आणि दर वेळी तेच ते फुकटचे सल्ले ऐकून आता डोकं उठतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

लक्षणं तुम्हाला माहीतच आहेत: पाळी पुढं जाते, छाती जड होऊन दुखते, सारखं लघवीला लागतं, दुपारी चारला मेल्यागत झोप येते. पण यातलं निम्मं पाळी यायच्या आधीही होतंय, त्यामुळे अंदाज बांधत बसू नका. लघवीत मीठ टाकून बघ, साखर टाकून बघ असं सांगणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना चहा द्या आणि घरी पाठवा.

टेस्ट सोपी आहे. पाळीची तारीख उलटली की मेडिकलमधून किट आणा (आशाताईकडं निश्चय किट फुकट मिळतं), सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, पाच मिनिटं. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. तासाभरानं कचऱ्यातून काढून बघितल्यावर दिसलेली रेघ मात्र धरायची नाही. रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही तर तीन-चार दिवसांनी परत करा. टेस्ट न करता ‘पाळी आणायची गोळी’ मेडिकलमधून आणून खाणं, हे मात्र चुकूनसुद्धा नको.

आता आठवड्यांचा हिशोब, कारण यावरून घरात भांडणं होतात. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नवरा-बायको एकत्र आल्यापासून नाही. आमच्या गल्लीत एकीचा नवरा फौजेत, सुट्टीवर येऊन त्याला तीन आठवडे झालेले आणि हिच्या कागदावर पाच आठवडे लिहिलेले, तर सासूनं आठ दिवस अबोला धरला होता बिचारीशी. शेवटी नर्सबाईंनी कॅलेंडर पुढ्यात ठेवून समजावलं. आमच्याकडं कर्नाटकात सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये ‘मुट्टू’ (म्हणजे पाळी) कधी झालं विचारतात ते हेच, शेवटच्या पाळीची तारीख. ती लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

आणि आता खरं कठीण काम, मळमळ. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, आठ ते दहामध्ये कहर, आणि बहुतेकींची बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. सगळे मॉर्निंग सिकनेस म्हणतात म्हणून मी सकाळचीच वाट बघायचे आणि माझा खरा वैरी निघाला संध्याकाळचे सात, शेजारी लसणीची फोडणी बसायची आणि इकडं माझे उमासे सुरू.

माझी पहिल्या वेळची चूक अशी की उलटी होतेय म्हणून मी खाणंच बंद केलं. पोटात काही नसेल तर येणार काय, असा माझा हुशार हिशोब. प्रत्यक्षात रिकामं पोटच मळमळ वाढवतं, पण हे सांगणारं कोण? सासूबाई म्हणाल्या सगळ्यांनाच होतंय, चुलतसासू म्हणाल्या दोन जिवांचं खा, म्हणून त्यांनी ताटभर भाकरी-आमटी पुढ्यात ठेवली आणि ती पाच मिनिटांत बाहेर. आठव्या आठवड्यात दीड दिवस पाण्याचा घोटसुद्धा टिकला नाही, लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची आणि वाटीभर, तरी मी ‘उद्या जाऊ’ म्हणत होते. शेवटी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून जीप करून बेळगावात आणलं, सलाईन लावली. वजन ४६ किलोचं ४३ झालेलं.

दुसऱ्या वेळी मी उशाशी स्टीलचा डबा ठेवला, त्यात कोरडे चिरमुरे. जाग आली की डोकं न उचलता पडल्यापडल्या मूठभर चावायचे, पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं, मग हळू उठायचं. सगळ्यात जास्त फरक याच गोष्टीनं पडला. चिरमुरे नसतील तर टोस्ट, खारी बिस्किट, काहीही कोरडं चालतंय. मग दिवसभर दर दोन तासांनी चार घास, भूक असो नसो. जेवताना पाणी प्यायचं नाही, मधल्या वेळात घोट-घोट. गरम जेवणाला वास जास्त, म्हणून गार दहीभात, गार केलेली नाचणीची आंबील. आलेपाकाचा तुकडा चघळायला बरा, पण आल्याचा काढा ग्लासभर पाजणाऱ्यांपासून लांब राहा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा, नाहीतर ब्रशनं परत उमासा येतोय. आणि फोडणी दुसऱ्या कुणीतरी द्यायची. नवऱ्याला येत नसेल तर तीन महिन्यांत येईल शिकायला.

फोलिक ॲसिडची गोळी (रोज ४०० मायक्रोग्रॅम) टेस्ट पॉझिटिव्ह आल्याबरोबर डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि सकाळी टिकत नसेल तर रात्री झोपताना घ्या, पण सोडू नका. आयर्नची गोळी साधारण चौथ्या महिन्यापासून देतात, कुणी आधीच दिली असेल आणि तिनंच मळमळ वाढत असेल तर गप्प न बसता डॉक्टरांना सांगा. मळमळीवर गरोदरपणात चालणारी गोळीसुद्धा असते, डॉक्टर लिहून देतात. ती मागायला लाज कसली? सहन करण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

घरचे उपाय कुठं थांबवायचे हे मात्र नीट ऐका. आठ तास लघवीच झाली नाही किंवा ती गडद झाली, दिवसभरात पाणीसुद्धा टिकलं नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, वजन दोन-अडीच किलोनं उतरलं, उलटीत रक्त: यातलं एक जरी असेल तरी त्याच दिवशी दवाखाना. जाईपर्यंत ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं देत राहा, ग्लास तोंडाला लावायचा नाही. आणि अंगावरून रक्त जाणं, ओटीपोटात एकाच बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं असं झालं तर गर्भ पिशवीबाहेर असू शकतो, तिथं कुणाचा सल्ला घेत बसू नका, १०८ ला फोन.

उलट्या जास्त म्हणजे मुलगी, कमी म्हणजे मुलगा, ही बडबड एका कानानं ऐका. डॉक्टरला विचारायला तर जाऊच नका, १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही हे मला अजिबात पटत नाही. गावभर नका सांगू, पण आशाताईला सांगा, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या तपासण्यांच्या नोंदीचं सरकारी कार्ड) घ्या. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असं असेल तर ते आधी सरळ करा, पहिल्या बाळाचे सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये त्यापायीच अडकतात.

कार्ड कन्नडमध्ये असतं. माहेर महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडचं असेल आणि बाळंतपण तिकडं ठरलं असेल तर तिकडच्या नर्सला ते वाचता येईलच असं नाही. म्हणून पहिल्या तपासणीपासूनच एका साध्या वहीत मराठीत लिहित जा: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, दर वेळचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, कुठली गोळी कधीपासून. माझ्या धाकट्या नणंदेची वही मी किराणाच्या हिशोबाच्या वहीतली मागची पानं फाडून केली होती, गडहिंग्लजला डॉक्टरांनी आधी तीच मागितली.