भारतीय सीओसी घेऊन परदेशी झेंड्याच्या जहाजावर रुजू होताना

सेकंड मेट (डेक अधिकारी) किंवा एमईओ क्लास फोरची (इंजिन अधिकारी) परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अधिकाऱ्याच्या हाती जे सीओसी, म्हणजे पात्रतेचे प्रमाणपत्र, येते, ते डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाच्या) अखत्यारीत भारत सरकारने दिलेले असते. नोकरी मात्र त्याला पुष्कळदा पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स किंवा सिंगापूरच्या झेंड्याखाली मिळते. ही दोन टोके जोडणारा कागद म्हणजे फ्लॅग एंडोर्समेंट. अनेक जण त्याला 'सीओसी कन्व्हर्ट करणे' म्हणतात, आणि पुढचे बरेच घोळ या एका शब्दातून निर्माण होतात. सीओसी कन्व्हर्ट होत नाही. ते भारतीयच राहते, आणि ज्या देशाचा झेंडा जहाजावर असतो तो देश त्याच्या आधारावर आपल्या जहाजांवर अमुक हुद्द्यावर काम करण्यास मान्यता देतो, एवढेच.

या मान्यतेचा पाया खलाशांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि वॉच यांविषयीच्या १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारातील नियम १/१० हा आहे. त्यानुसार झेंड्याच्या देशाने आधी प्रमाणपत्र देणाऱ्या देशाची प्रशिक्षण आणि परीक्षा पद्धती तपासायची असते आणि मग त्याच्याशी करार करायचा असतो. म्हणून पहिले काम म्हणजे ज्या झेंड्याखाली जायचे आहे, त्याच्या सागरी प्रशासनाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत भारत आहे का, हे स्वतः पाहणे. 'भारत व्हाइट लिस्टमध्ये आहे, मग काय प्रश्न?' असे सांगणारे भेटतात. परंतु हा करार पूर्ण अमलात आणणाऱ्या देशांच्या, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या त्या यादीत नाव असले, तरी कोणत्याही देशावर मान्यता देण्याचे बंधन येत नाही. शिवाय मिळालेली मान्यता कायमची नसते. युरोपीय संघाने जॉर्जियाच्या प्रमाणपत्रांची मान्यता २०१० मध्ये काढून घेतली आणि २०१३ मध्ये पुन्हा दिली. मधल्या काळात तिथल्या खलाशांची वैयक्तिक पात्रता कितीही चांगली असली, तरी युरोपीय झेंड्यांची नवी एंडोर्समेंट त्यांना मिळणे बंद झाले होते.

यानंतर आपले सीओसी नीट वाचावे. हे सांगणे विचित्र वाटेल, पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या आनंदात ते शेवटपर्यंत वाचणारे थोडेच असतात. त्यावर एसटीसीडब्ल्यूचा नियम क्रमांक, हुद्दा, कामाची कार्ये, त्यांचा स्तर आणि मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि अर्जातील हुद्द्याचा रकाना याच शब्दांवरून भरायचा असतो. आपण 'सेकंड मेट' म्हणतो ती पात्रता परदेशी अर्जात नियम २/१ खालील नौवहन वॉचचा (पाळीचा) अधिकारी म्हणून येते आणि क्लास फोर ही नियम ३/१ खालील इंजिन वॉचचा अधिकारी म्हणून. जहाजावर प्रत्यक्षात कोणत्या पदावर नेमणूक आहे, ही बाब वेगळी. मर्यादांच्या रकान्यात केवळ मोटर जहाजांचा उल्लेख असेल किंवा किनारपट्टीपुरती अट असेल, तर ती एंडोर्समेंटवरही जशीच्या तशी उतरते.

नावाकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. पासपोर्टवर पहिली दोन नावे एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात जाते, तर सीडीसी (खलाशाचे ओळखीचे पुस्तक) किंवा एखाद्या जुन्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव गळालेले असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिला अधिकाऱ्यांना हा त्रास दुहेरी होतो. अर्ज तपासणाऱ्या परदेशी लिपिकाला हे दोन वेगळे इसम वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून पासपोर्ट प्रमाण धरून बाकीचे कागद घरी असतानाच दुरुस्त करून घ्यावेत.

तारखांचे गणित सर्वांत महत्त्वाचे आहे. एंडोर्समेंटची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते, पण मूळ सीओसी ज्या दिवशी संपते त्यापुढे ती जात नाही. समजा, सीओसी १४ मे २०२७ रोजी संपणार आहे आणि जानेवारी २०२७ मध्ये सहा महिन्यांच्या करारावर रुजू व्हायचे आहे. एंडोर्समेंट मिळेलही, पण मेच्या मध्यावर भर समुद्रात दोन्ही कागद एकदम निकामी होतील. अशा वेळी आधी सीओसीचे नूतनीकरण आणि मग एंडोर्समेंटचा अर्ज, हाच क्रम ठेवावा. नूतनीकरणासाठी एसटीसीडब्ल्यू कराराचा सर्वसाधारण निकष गेल्या पाच वर्षांत बारा महिने किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिने समुद्रसेवेचा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र दोन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही.

अर्ज बहुधा कंपनी किंवा मॅनिंग एजंट (जहाजांसाठी भरती करणारा) करतो. अर्ज पोहोचल्याची लेखी पोच जहाजावर असेल, तर झेंड्याचा देश प्रत्यक्ष एंडोर्समेंट येईपर्यंत तीन महिन्यांपर्यंत काम करू देऊ शकतो. ही सवलत झेंड्याच्या देशाच्या मर्जीवर असते आणि रेडिओ ऑपरेटरच्या कामाला ती सरसकट लागू नसते. त्यामुळे डेक अधिकाऱ्याने जीएमडीएसएसच्या (संकटकाळातील सागरी रेडिओ यंत्रणेच्या) एंडोर्समेंटचे काय झाले, हे वेगळे विचारावे. पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे बंदराच्या देशाकडून परदेशी जहाजे तपासणारा, निरीक्षक पोचेवरची तारीख मोजतो, आणि एंडोर्समेंट किंवा पोच नसली तर जहाज अडवले जाऊ शकते.

व्यवस्थापन स्तरावरील अधिकाऱ्यांना, म्हणजे कॅप्टन, चीफ ऑफिसर, चीफ इंजिनिअर आणि सेकंड इंजिनिअर यांना, त्या झेंड्याच्या सागरी कायद्याचे पुरेसे ज्ञान असल्याचे दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये एंडोर्समेंटला सीईसी म्हणतात आणि वरिष्ठ हुद्द्यांसाठी कायद्याची यूकेएलएपी ही परीक्षा आहे. सर्वच झेंडे एवढे कडक नसतात, पण केवळ फी भरून काम होईल असे गृहीत धरू नये. रेटिंगच्या (अधिकारी नसलेल्या खलाशांच्या) प्रमाणपत्रांना मात्र नियम १/१० खालील एंडोर्समेंटची गरज नसते.

एका देशाच्या एंडोर्समेंटवर दुसऱ्या देशाची एंडोर्समेंट मिळत नाही, हे एसटीसीडब्ल्यू करारातच स्पष्ट म्हटले आहे. लायबेरियाचा कागद दाखवून सिंगापूरकडे जाता येत नाही. प्रत्येक वेळी भारतीय सीओसीच पुढे करावे लागते. त्यामुळे 'आधी एका छोट्या देशाचा कागद काढू, मग तो पुढे वळवू' असे सांगून पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. दुसऱ्या देशाची सीडीसी म्हणजे ओळखीचे आणि सेवेच्या नोंदीचे पुस्तक. त्याने वॉच ठेवण्याची पात्रता येत नाही. एजंटाकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल (खलाशांच्या भरतीचा) परवाना आहे का, हे आधी पाहावे. नोकरी लावून देण्याचे पैसे तर सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून घेताच येत नाहीत.

मूळ सीओसी जहाजावर असणे बंधनकारक आहे, छायाप्रत चालत नाही. रुजू होताना ते कॅप्टनच्या ताब्यात द्यावे लागते, म्हणून त्याच्या आणि एंडोर्समेंटच्या प्रती घरी ठेवून निघावे, आणि साइन-ऑफच्या (जहाज सोडण्याच्या) दिवशी पासपोर्ट व सीडीसीबरोबर सीओसीही परत मिळाले का, हे गँगवे (जहाजाची शिडी) उतरण्यापूर्वी पाहावे.