देवाला व्यक्तिशः ओळखण्याची सुरुवात कशी करावी

बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाच्या (येशूचे जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) १७व्या अध्यायात येशू सार्वकालिक जीवनाचा अर्थ देवाला ओळखणे असा सांगतो. म्हणून देवाविषयी माहिती साठवणे आणि त्याच्याशी नाते जोडणे यांतला फरक आरंभीच ध्यानात घ्यावा. नवख्या वाचकाने मार्ककृत शुभवर्तमान निवडावे, कारण चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, अवघ्या १६ अध्यायांचे आहे. रोज एकच प्रसंग सावकाश वाचावा, येशू येथे कोणाशी कसा वागतो हे पाहावे आणि मनात जे उमटेल तेच साध्या शब्दांत प्रार्थनेत मांडावे.

प्रार्थनेची भाषा भारदस्त असण्याची गरज नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेतल्या १३व्या स्तोत्राचा कर्ता ‘किती काळ?’ असा जाबच देवाला विचारतो, तर ५१वे स्तोत्र कोणतीही सबब न सांगता पाप कबूल करते. माझ्या मते हे दुसरे अधिक अवघड आहे. क्षमा कमवायची नसते, ती ख्रिस्ताच्या मृत्यूवर व पुनरुत्थानावर विश्वास ठेवून स्वीकारायची असते. पश्चात्ताप मात्र हळहळीपाशी थांबत नाही: लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने दाखवली, तशी शक्य तेथे भरपाई करावी.