आधी झाड, मग बैठक, मग वजन

ऑगस्ट सरत आला की आमच्या मिशिगनच्या मंडळातल्या दोघा-तिघांचे फोन येतात. गणपतीच्या मखराचं बोलून झालं की आवाज जरा खाली येतो आणि मुद्दा निघतो: "यंदा धनुष्य घेऊन जायचं म्हणतोय. क्लायंबर कुठला घेऊ? हलका हवा."

क्लायंबर म्हणजे झाडावर चढून हरणाची वाट बघत बसायचा स्टँड. हलका हवा हे सगळ्यांचं ठरलेलंच असतं. मी पहिला घेतला तेव्हा माझंही तसंच होतं. दुकानात उभं राहून फक्त खोक्यावरचा पौंडांचा आकडा वाचला आणि सगळ्यात लहान आकड्याचा स्टँड उचलून आणला. दोन हंगामांत विकला. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हरणाची शिकार बंद आहे, तेव्हा हे तिकडच्यांसाठी नाही. मी लिहितोय ते मिशिगनचं. इथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. मग बंदूकवाले येतात आणि डिसेंबरात पुन्हा आपली पाळी. परवाना काढायचा, त्याआधी हंटर सेफ्टीचा कोर्स करायचा, की झालं.

क्लायंबर म्हणजे दोन तुकडे. वरच्यावर बसायचं, खालच्यावर पाय ठेवायचे. दोन्हींना केबल किंवा पट्टा असतो, तो झाडाभोवती फिरवून अडकवायचा. वरच्या तुकड्यावर भार टाकून पायांनी खालचा वर ओढायचा, मग खालच्यावर उभं राहून वरचा सरकवायचा. भार पडला की दाते सालीत रुततात आणि तुकडा जागेवर बसतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर वेंगुर्ल्याहून लगेच उत्तर आलं, "अरे, ह्यां तर माडार चढूचां मशीन!" खरंच आहे. तिकडे नारळ काढणाऱ्या पाडेल्याला मिळणारं बसून चढायचं यंत्र अगदी याच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच की पाडेली पाच मिनिटांत उतरतो आणि आपण वर चार तास हलायचंसुद्धा नाही.

मात्र माडासारखं झाड लागतं, आणि तिथेच निम्म्यांचा प्रश्न सुटतो. खोड सरळ हवं, वीस फुटांपर्यंत फांदी नको आणि जाडी साधारण ८ ते २० इंच. स्टँड घेण्याआधी एक शनिवार काढून आपल्या जंगलात फिरून या. मी खिशात सुतळी ठेवतो, तिला दोन गाठी मारलेल्या: एक २५ इंचांवर, दुसरी ६३ इंचांवर. ८ आणि २० इंच जाडीच्या खोडाचा हा घेर. सुतळी खोडाभोवती फिरवायची. टोक दोन गाठींच्या मध्ये आलं तर झाड चालेल. तासाभरात अशी पाच झाडं सापडली नाहीत तर क्लायंबरचे पैसे वाचवा आणि सॅडल (झाडाला टांगून बसायचा पट्टा) किंवा शिडीचा स्टँड बघा. आमच्या दक्षिण मिशिगनमध्ये शेताच्या कडेचे ओक ढेरपोटे आणि खालपासून फांद्या फुटलेले असतात, तिथे हा प्रकार निरुपयोगी. आतल्या दाटीत वाढलेला लाल ओक, ट्यूलिप पॉप्लर, व्हाइट पाइन ही कामाची झाडं. शॅगबार्क हिकरीची साल सोललेल्या पापुद्र्यासारखी लोंबते, तिच्या वाटेला जाऊ नका. बीचचं झाड दिसायला देखणं, पण पावसानंतर साबण लावल्यासारखं होतं. आणि ॲश असेल तर हातही लावू नका. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा किडा सापडला, तेव्हापासून इथले बहुतेक ॲश उभ्या उभ्या मेलेत. लांबून ते सरळसोट, स्टँडसाठीच वाढवल्यासारखे दिसतात. आत भुसा असतो.

आता बैठक. बाजारात मुख्य दोन जाती. एकीला पुढे बंद कठडा असतो. चढताना त्याच कठड्यावर बसता येतं, म्हणून दमायला होत नाही आणि वर बसल्यावर समोर आडवी दांडी असल्याने मनाला धीर असतो. समिट कंपनीचा वायपर हा यातला घरोघरचा. वजन सुमारे २० पौंड, पेलतो ३०० पौंड. दुसरी जात हँड क्लायंबर, पुढून उघडा. चढताना बूड टेकायला काही नाही, सगळा भार दंडांवर. पण वजन उतरतं. समिटचाच ओपनशॉट १५ पौंडांच्या आसपास आहे.

बंदूकवाल्याला बंद कठडा सोयीचा, नळी टेकवता येते. धनुष्यवाल्याचं गणित वेगळं. कंपाउंड बो (कप्प्यांचं आधुनिक धनुष्य) बसून ओढलं की खालचा लिंब, म्हणजे धनुष्याचा खालचा अर्धा भाग, गुडघ्यांच्या खाली जातो आणि नेमका कठड्यावर आपटतो. म्हणजे हरिण वीस यार्डांवर आलं की आधी उभं राहायचं, आणि ही हालचाल हरणाला दिसते. दुकानात विचारून खाली ठेवलेल्या स्टँडवर बसून बघा. धनुष्य नसेल तर झाडू धरा. हसतील, हसू देत. डावा हात पुढे करून डावीकडे, समोर आणि उजवीकडे वळून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचं उजवीकडे वळणं नेहमीच अवघडतं. वर गेल्यावरही हरणांची वाट डाव्या अंगाला येईल असंच बसायचं.

तेवढ्यासाठी सगळ्यांनी उघडाच घ्यावा असं मी म्हणणार नाही. मी ४६ वर्षांचा आहे आणि आठवडाभर खुर्चीत बसून गाड्यांच्या दरवाजांची डिझाइन्स करतो. माझा पहिला स्टँड हँड क्लायंबर होता. अठरा फूट चढेपर्यंत असा घाम फुटायचा की वर बसल्यावर दहा मिनिटांत तो गार व्हायचा आणि दात वाजायला लागायचे. शिवाय हरणाला घामाचा वास येतो तो वेगळाच. पाच पौंड वाचवले आणि शिकार घालवली. दहा पुल-अप न थांबता काढता येत असतील तर उघडा घ्या. नसतील तर बंद कठड्याचा घ्या आणि तीर मारताना उभं राहायची सवय करा. मी आता तसंच करतो.

आसन जाळीचं की फोमचं यावर लोक भांडतात. माझा नियम एकच, दुकानात वीस मिनिटं बसून बघायचं. मांडीच्या मागच्या बाजूला नळी टोचली तर वर तासाभरात पाय बधिर होणार.

वजनावर मी शेवटी येतो, कारण खोक्यावरचा आकडा अर्धंच सांगतो. १५ पौंड म्हणजे सात किलोच्या आत, २० म्हणजे नऊ. फरक पाण्याच्या दोन बाटल्यांचा. गाडीपासून झाडापर्यंत पाव मैल असेल तर तो जाणवतच नाही. वॉटरलूसारख्या सरकारी जंगलात मैलभर आत, अंधारात, दलदल चुकवत जायचं असेल तर जाणवतो. पण तिथेही खरा त्रास आकाराचा असतो. दोन तुकडे एकात एक चपटे बसणारा २० पौंडांचा स्टँड पाठीला चिकटून राहतो. नळ्या बाहेर आलेला १५ पौंडांचा दर दहा पावलांवर फांदीत अडकतो आणि टणकन वाजतो. सोबत येणारे पाठीचे पट्टे बहुतेक सुतळीच्या लायकीचे असतात. जुन्या ट्रेकिंग सॅकचा कंबरपट्टा लावून घ्या, दोन-तीन पौंड उतरल्यासारखं वाटेल.

३०० पौंडांच्या मर्यादेत तुम्ही एकटे नसता. थंडीचे कपडे, बूट, सॅक, धनुष्य, सगळं त्यातच. माझे १७२ धरून नोव्हेंबरात बेरीज २१० च्या वर जाते. आणि दुकानात जाताना थंडीचे जाड रबरी बूटच घालून जा. खालच्या तुकड्यावर पाय अडकवायचे पट्टे असतात, त्यात उन्हाळी बूट मजेत जातात आणि फुगलेले बूट अडकतात. हे मला घरी आणल्यावर कळलं.

आवाजाचं बघायचं तर स्टँड उचलून बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ नळी घंटेसारखी वाजते, ओतीव ॲल्युमिनियमचा पायांखालचा तुकडा दबका बोलतो. वाजणारा घेतलात तरी धातू धातूला लागतो तिथे कापडी टेप गुंडाळून काम भागतं. माझी एक संध्याकाळ आणि दीड रीळ गेलं.

जुना घेणार असाल तर केबलवरचं प्लॅस्टिक वाकवून बघा. आत करकर लागली किंवा टोकाशी तांबूस पाणी सुकलेलं दिसलं तर पाठ फिरवा. उन्हाने पांढरे पडलेले पट्टेही नकोत. मॉडेल परत मागवलेलं तर नाही ना, हे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या यादीत दोन मिनिटांत कळतं. हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे, मात्र जुना कधीच घेऊ नका. नव्या स्टँडच्या खोक्यात तो येतो आणि जमिनीवरूनच घालायचा असतो. त्याला झाडाशी जोडणारा टेदर चढताना सोबत वर सरकवत न्यायचा, सैल सोडायचा नाही.

एक दोरी मात्र बरेचजण खोक्यातच विसरतात, दोन तुकडे एकमेकांना बांधायची. मीही विसरलो होतो. तिसरा हंगाम, संध्याकाळचे सव्वापाच, अठरा फुटांवर. बसल्या जागी वळायला म्हणून पट्ट्यांतून पाय काढले. खालच्या तुकड्यावरचा भार गेला, दाते सुटले, आणि तो खोडावरून खडखडत खाली जाऊन पानांत पडला. मी वर, पाय अधांतरी. हार्नेस होता, बूड आसनावर होतं, म्हणून इतकंच. फोन खिशात होता. शेजारी २४ फुटी शिडी गाडीवर बांधून आला तोवर दीड तास झाला होता आणि मांड्यांखालची जाणीव गेली होती. तो मला एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दारात पॅराकॉर्ड दोरीची गुंडाळी ठेवलेली दिसली.

धनुष्य अंगावर घेऊन चढायचं नाही, हे सांगायला नको. त्याला वेगळी दोरी बांधून मागाहून वर ओढायचं, तीर पेटीत बंद. सरकारी जमिनीवर स्टँडवर नाव-पत्ता किंवा ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक खालून वाचता येईल असा लिहावा लागतो, इंग्रजीत. साल भेदून आत घुसणाऱ्या स्क्रू-पायऱ्या तिथे चालत नाहीत, क्लायंबरचा हाही एक फायदा.

स्टँड घरी आला की खोकं फाडू नका आणि पावती जपा. अंगणातल्या झाडावर दोन फुटांवर बसवा, आधी उजेडात, मग अंधारात हातमोजे घालून. अंधारात केबलची खिट्टी बोटांना सापडत नसेल, दोन्हीपैकी कुठला तुकडा वरचा हे चाचपून कळत नसेल, तर तो तुमच्यासाठी नाही. मुदतीत परत करून या. मी यंदा एक तसाच परत केला. तेरा पौंडांचा होता.