धडधड ओळखीची करून घ्या

अप्रेझलच्या मीटिंगला दहा मिनिटं उरली की छातीत धडधडायला लागतं, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. घाबरलो म्हणून धडधडतंय, असं आपण धरून चालतो. पण याच्या उलटही होतं. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या झोताने मिनिटाला 900 पर्यंत नेले, तर उंदीर उघड्यावर जायला कचरू लागले. शरीरातल्या आतल्या खबरा मेंदूच्या इन्सुला या भागात पोचतात. त्याचं काम रोखलं, तेव्हा ती भीती ओसरली.

जिना चढतानाही हीच धडधड होते आणि हाच घाम येतो. म्हणून मेंदूला तिची सवय तिथेच लावायची.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन मिनिटं शांत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून 30 सेकंद नाडी मोजा आणि आकडा दुप्पट करा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो. (मी आठवडाभर तेच करत होते.)

मग दोन-तीन मजले चढा. वेग असा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

आता वर पोचल्यावर लगेच मोबाइल काढू नका. सगळी गंमत या एका मिनिटात आहे. कठड्याला हात लावून उभे राहा आणि धडधड नेमकी कुठे जाणवते ते शोधा. गळ्यात? कानशिलात? मला कानात ऐकू येते. मनात म्हणा, 'जिना चढले म्हणून.' पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंना वाटलं मी किल्ली विसरलेय, त्यांनी पाणी आणून दिलं.

दम जरा बसला, की श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, चार आकडे आत, सहा बाहेर. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते. हिचे बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. मिनिटाने पुन्हा नाडी मोजा, तिसऱ्या मिनिटाला आणखी एकदा. ठोके आपोआप उतरतात, हे स्वतःच्या बोटांखाली कळायला हवं.

आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तेवढा जिना कोणी चढणार नाही, उरलेलं चालून भागवा. झोपच उडाली असेल किंवा भीतीने घराबाहेर पडवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारी टेलिमानसच्या 14416 या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

दोन-तीन आठवड्यांनी मीटिंगच्या दिवशी लिफ्ट सोडा. पाच मिनिटं आधी दोन मजले चढून या. खुर्चीत टेकाल तेव्हा ठोके उतरणीला लागलेले असतील.