झुरळं एका घरात संपत नाहीत

अनुदानातून भाड्याचं घर मिळालं तेव्हा हायसं वाटलं होतं. पण रात्री दिवा लावला की ओट्यावर झुरळांची पळापळ, आणि एकदा बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या बुचावरच एक बसलेलं दिसलं. त्या रात्री मला रडू आलं. घरमालकाला तीन महिने तोंडी सांगत होते. ‘बघतो’ यापलीकडे काही नाही.

स्प्रेने भागलं नाही. या लहान तपकिरी झुरळांच्या अंड्यांच्या एका पिशवीत 30-40 अंडी असतात, त्यांना फवारा सहसा लागत नाही. शिवाय पाइपाभोवतीच्या फटींतून शेजारची येत राहतात. मग सिंकखालची फट सिमेंटने बुजवली, बिजागऱ्यांपाशी आणि फ्रिजच्या मोटरजवळ झुरळं मारायच्या जेलचे (विषारी आमिषाचे) मुगाएवढे थेंब लावले. जेलजवळ स्प्रे मारू नका, झुरळं मग त्याला तोंड लावत नाहीत.

खरा फरक शेजाऱ्यांमुळे पडला. चिकट सापळ्यांचे तारखेसह फोटो, सहा घरांच्या सह्यांचं पत्र, त्याची पोच, आणि एक प्रत अनुदान देणाऱ्या कार्यालयाला. तपासणी झाली. सगळ्या मजल्यावर एकाच दिवशी औषध लागलं, दोन आठवड्यांनी पुन्हा. महिनाभर सापळे कोरे आहेत. तरी मी ते अजून काढलेले नाहीत.