गाडीत जळक्या तेलाचा वास? आधी वरून पाहा, मग खालून

मागच्या मे महिन्यात दारव्ह्याहून यवतमाळला जाताना गाडीत भज्याच्या जुन्या कढईसारखा वास यायला लागला. गाडी धावत असली की काही नाही. म्हशी आडव्या आल्या, दोन मिनिटं थांबलो, की भप्पकन नाकात. पुढच्या काचेखालच्या जाळीतून गाडी हवा आत ओढते. उभ्या गाडीत बोनेटखालचा धूर तिथूनच येतो.

शहरातल्या एका गॅरेजात चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) ओलं दिसलं आणि लगेच "हाफ इंजिन करावं लागेल, तीस हजार" असं उत्तर आलं, म्हणजे इंजिन खोलून अर्धी दुरुस्ती. मी गाडी तशीच गावात आणली. शेवटी साडेतीनशेचं पॅकिंग (जोडात बसणारी रबरी पट्टी) आणि एक व्हॉल्व्ह, एवढ्यावर काम भागलं. माझी गाडी 2011 ची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. तुमची वेगळी असली तरी शोधायची रीत हीच.

आधी वास नक्की तेलाचाच आहे का ते ठरवा. घाटात अर्ध्या क्लचवर गाडी चढवली की जळक्या कागदासारखा वास येतो, तो क्लच प्लेटचा. गोडसर वास कूलंटचा. प्लास्टिक जळाल्यासारखा असेल तर वायरिंग. तिथेच गाडी बंद करा. आणि आपल्याकडचा खास प्रकार: रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून गाडी गेली की कुटार (भुसा) सायलेन्सरला अडकून धुमसतं. खाली वाकून टॉर्च मारा. खरोखर जाळ दिसला तर सगळे खाली उतरा, बोनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. जळत्या तेलावर पाणीही नको.

मग ऑइलची पट्टी पाहा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. खालच्या खुणेच्या खाली असेल तर ऑइल टाकल्याशिवाय चालवू नका. वरच्या खुणेच्या वर असणंही वाईटच. नुकतंच ऑइल बदललं असेल तर सांडलेलं एकदोन फेऱ्यांत जळून जातं. नाही गेलं तर ऑइल फिल्टर काढून पाहा. जुन्या फिल्टरचं रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवं बसलं की गळती ठरलेली. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल आत जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील खराब. ते काम मिस्त्रीचंच.

माझ्याकडे निळा धूर नव्हता, म्हणजे ऑइल बाहेरच कुठेतरी तापल्या लोखंडावर पडत होतं. चेंबर ओलं दिसतं म्हणून चेंबरच गळतं असं नसतं, ऑइल वरून ओघळत येतं. थंड इंजिनवर अल्टरनेटर आणि वायरिंगला पन्नी बांधली, साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं सगळं घासलं, पूर्ण कोरडं होऊ दिलं. मग बायकोचा टाल्कम पावडरचा डबा घेऊन टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) जोडाखाली, फिल्टरभोवती, चेंबरच्या काठावर पावडर उडवली. वावरापर्यंत जाऊन आलो, वीस मिनिटं. दाढीचा आरसा मागच्या बाजूला धरला तर पांढऱ्यावर बोटभर तपकिरी रेघ, टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या तापल्या नळीवर.

आता माझा गाढवपणा. पाना घेऊन कव्हरचे बोल्ट आणखी आवळले. एक फिरता झाला. ॲल्युमिनियमच्या आट्या त्या, किती सोसणार? गावचा मिस्त्री आला, आधी डोक्याला हात लावला, मग ब्रीदरचा व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला दाब सोडणारा) काढून कानाशी हलवला. खडखड वाजला पाहिजे, तो मुका. धुळीनं आणि काजळीनं बंद. म्हणाला, "भाऊ, इंजिनले श्वास घेऊ नाई देल्ला तं थे घाम कुठून तरी काढनच. हे असंच ठेवलं तं नवं पॅकिंगबी फेकन." व्हॉल्व्ह बदलला.

कव्हर काढताना कॉइलच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या) वायरींवर नंबर टाका, आणि पेचकसानं कव्हर उचकटू नका, हातानं हलकं ठोका. माझं जुनं पॅकिंग पापडासारखं कडक निघालं, वाकवलं तर मोडलं. पॅकिंग बसायची खाच कापडानं पुसा, तुकडे आत पडू देऊ नका. प्लगच्या खड्ड्यांत ऑइल असेल तर तिथली रिंगही बदला. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हरच्या जोडावर, ज्वारीच्या दाण्याएवढं. सगळीकडे फासलं तर जास्तीचं आत पडून चेंबरमधल्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, लहान रॅचेटनं. बहुतेक गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं.

मॅनिफोल्डवरचं जुनं ऑइल जळेपर्यंत दोनतीन दिवस वास येणारच, घाबरू नका. नंतर रात्री गाडीखाली बियाण्याचं खोकं उलगडून अंथरा. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली डाग दिसला तर बहुधा क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) सील गेलंय, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. माझं खोकं कोरडं निघालं.